वेम्बलीचे जुळे मनोरे

१९८२ सालच्या मे महिन्याची २९ तारीख. पेन्टेकॉस्ट सणाचा आदला दिवस. लंडनच्या वायव्येस वेम्बली येथे असलेल्या फुटबॉलच्या राष्ट्रीय मैदानात वेदी उभारलेली होती आणि सुमारे ऐंशी हजार भाविक पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मिस्साबलिदानासाठी जमले होते. पदारूढ पोपमहोदयांनी ब्रिटनच्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा इतिहासातील तो पहिलाच प्रसंग होता. त्याच दिवशी त्यांनी कॅन्टरबरीच्या पुरातन कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांच्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थना केली होती. चार शतकांहून अधिक काळ दुरावलेले दोन भाऊ निदान एका दिवसापुरते एका छपराखाली आले होते.

या भेटीवर युद्धाचे सावट होते. दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना लढत होते. दोन्हीकडचे तरुण रोज मरत होते. पोपमहोदयांचा दौरा रद्द होणार, असे अखेरपर्यंत वाटत होते. तरीही ते आले, आणि परतल्यावर जून महिन्यात अर्जेंटिनालाही जाऊन आले. मुलगा गमावलेल्या मातेचे दुःख सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच असते, हे सांगण्याचा याहून सरळ मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

या मिस्साच्या दोनच दिवस आधी, २७ मे रोजी, त्याच हिरवळीवर एफ. ए. कपच्या अंतिम लढतीचा फेरसामना झाला होता. टॉटनहॅम संघाने तो जिंकला. परंतु आदल्या वर्षी, १९८१च्या फेरसामन्यात, ज्याने वेम्बलीच्या इतिहासातील एक अविस्मरणीय गोल करून याच संघाला कप मिळवून दिला होता, तो रिकार्डो व्हिला त्या दिवशी मैदानावर नव्हता. तो अर्जेंटिनाचा नागरिक होता. वर्षापूर्वी ज्याला लोकांनी डोक्यावर घेतले, तो आता शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला होता. ज्या गवतावर त्याला उतरता आले नाही, त्याच गवतावर दोन दिवसांनी शांतीसाठी हात जोडले गेले.

ते मैदान आज नाही. २००० साली त्याचे दरवाजे बंद झाले, २००२ साली ते पाडण्यास सुरुवात झाली आणि २००७ साली त्याच जागी, त्याच नावाचे, नवे भव्य स्टेडियम उभे राहिले. वास्तू पाडली जाते तेव्हा नेमके काय पडते आणि काय उरते, हा प्रश्न या इतिहासातून उभा राहतो. आपणा सर्वांना तो कधी ना कधी भेडसावणारा आहे, म्हणून ही कथा मुळापासून पाहू.

वेम्बलीच्या त्या जागेचा आरंभच एका फसलेल्या बांधकामाने झाला. १८८९ साली पॅरिसमध्ये आयफेल मनोरा उभा राहिला, तेव्हा लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांना त्याहून उंच मनोरा आपल्या रेल्वेमार्गालगत उभारण्याची ईर्षा वाटली. लोक मनोरा पाहायला येतील, आगगाडीची तिकिटे खपतील, असा हिशेब होता. १८९६ साली पहिला मजला लोकांसाठी खुला झाला. पण पाया खचू लागला, पैसा आटला आणि मनोरा दीडशे फुटांच्या आसपासच अडला. लोक त्याला वॉटकिनचा वेडेपणा म्हणू लागले. शेवटी १९०७ साली त्याचे उरलेसुरले अवशेष सुरुंग लावून उडवून देण्यात आले. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभू येशूचा दाखला संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. वेम्बलीच्या मातीला त्याची आठवण पुढेही होणार होती.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने आपल्या साम्राज्याचे एक विशाल प्रदर्शन याच जागेवर भरवायचे ठरवले. त्याचा केंद्रबिंदू म्हणून एक क्रीडागार बांधण्यात आले. त्याचे नावच एम्पायर स्टेडियम, म्हणजे साम्राज्याचे क्रीडागार. जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एर्टन हे वास्तुशिल्पी, ओवेन विल्यम्स हे अभियंता. अवघ्या ३०० दिवसांत आणि साडेसात लाख पौंड खर्चात ते काँक्रीटचे काम उभे राहिले. दर्शनी भागी १२६ फूट उंचीचे दोन पांढरे घुमटधारी मनोरे होते. मैदानातून शाही कक्षाकडे जाणाऱ्या ३९ पायऱ्या होत्या. विजयी संघाने या पायऱ्या चढून जायचे आणि वर कप स्वीकारायचा, असा पुढे प्रघात पडला. हे दोन मनोरे आणि या ३९ पायऱ्या म्हणजेच वेम्बली, असे समीकरण इंग्रज माणसाच्या मनात तीन पिढ्या टिकले.

काम पूर्ण होऊन चार दिवस होतात न होतात तोच, २८ एप्रिल १९२३ रोजी, तेथे पहिला एफ. ए. कप अंतिम सामना झाला. बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. एवढे मोठे मैदान भरणार कसे, अशी आयोजकांना चिंता होती. तिकिटे दारातच मिळत होती. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे. पण फाटके ओलांडून, कुंपणे चढून आत शिरलेल्यांची गणती केली तर तो आकडा दोन लाखांच्या पलीकडे गेला असावा, असे मानले जाते. माणसांचा लोंढा प्रेक्षागारातून सांडून थेट खेळपट्टीवर आला. गवताचा तुकडाही दिसेना. चेंगराचेंगरीत शेकडो माणसे मरणार, अशी ती स्थिती होती.

तेव्हा घोडेस्वार पोलीस पुढे आले. त्यांतला जॉर्ज स्कोरी नावाचा शिपाई बिली नावाच्या करड्या घोड्यावर होता. त्या काळच्या धूसर चित्रपटात तो घोडा पांढराशुभ्र दिसतो, म्हणून या सामन्याला पांढऱ्या घोड्याचा सामना हेच नाव पडले. दांडुके न चालवता, घोडा हळूहळू गोलाकार फिरवत, लोकांना हात धरून मागे सरकायला सांगत त्यांनी मैदान मोकळे केले. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि बोल्टनने तो २-० असा जिंकला. अनेक जण जखमी झाले, पण एकही माणूस दगावला नाही. पुढील वर्षापासून अंतिम सामन्याची तिकिटे आगाऊ विकण्याची पद्धत सुरू झाली.

१९२४ साली संत जॉर्जच्या सणादिवशी, २३ एप्रिल रोजी, राजे पाचवे जॉर्ज यांनी साम्राज्य प्रदर्शनाचे उद्घाटन केले. त्यांचा आवाज नभोवाणीवरून प्रथमच ऐकू गेला तो याच ठिकाणाहून. हिंदुस्थानचेही एक भव्य दालन तेथे होते. प्रदर्शन १९२५ साली संपले, मांडव उठले आणि मागे उरला तो काँक्रीटचा पांढरा हत्ती. तो पाडून टाकावा, असेच ठरत आले होते.

तो वाचवला तो एका सामान्य माणसाने. आर्थर एल्विन हा पहिल्या महायुद्धातील वैमानिक दलाचा माजी सैनिक. शत्रूच्या कैदेत राहून आलेला. प्रदर्शनात तो सिगारेट-तंबाखूच्या टपऱ्या चालवत असे. प्रदर्शनाच्या मोडक्या इमारतींचे भंगार विकून त्याने थोडे भांडवल जमवले आणि १९२७ साली १ लाख २७ हजार पौंडांना स्टेडियम घेण्याचा करार केला. त्यातले फक्त १२ हजार रोख, बाकीचे हप्त्यांनी. वर्षाकाठी दोन-चार फुटबॉल सामन्यांवर एवढा डोलारा चालणार नव्हता, म्हणून त्याने तेथे शिकारी कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. ज्या वास्तूला पुढे लोक फुटबॉलचे मंदिर म्हणू लागले, ती अनेक वर्षे कुत्र्यांच्या शर्यतींवरील पैजांच्या पैशावर तग धरून होती. त्या शर्यतींच्या धावपट्टीमुळेच प्रेक्षक खेळापासून दूर बसत, ही तक्रारही शेवटपर्यंत राहिली.

त्याच १९२७ साली, २३ एप्रिलला, कार्डिफ सिटी आणि आर्सेनल यांच्यातील अंतिम सामन्यापूर्वी सबंध प्रेक्षकसमुदायाने प्रथमच एक भक्तिगीत गायले. ‘अबाइड विथ मी’ हे ते गीत. हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मोपदेशकाने क्षयाने खंगून मृत्यूच्या दारी असताना १८४७ साली त्याला अखेरचे रूप दिले. दिवस मावळतो आहे, तेव्हा प्रभो, तू माझ्यापाशीच थांब, अशी त्यातली आर्त विनवणी आहे. अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांनी अनोळखी वाटसरूला केलेल्या आग्रहातून ती उमलली आहे. महायुद्धात मुले, भाऊ गमावलेल्या त्या पिढीला हे गीत तोंडपाठ होते. खेळाचा आरंभ मरणाच्या स्मरणाने व्हावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण तेव्हापासून हे गीत एफ. ए. कपच्या अंतिम सामन्याचा अविभाज्य भाग झाले. हेच गीत महात्मा गांधींना प्रिय होते आणि दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या सांगता सोहळ्यात अनेक दशके सैनिकी बँडवर वाजवले जात असे. २०२२ साली तेथून ते वगळण्यात आले. एका मरणासन्न माणसाची प्रार्थना लंडनच्या फुटबॉल मैदानावर आणि दिल्लीच्या विजय चौकात सारख्याच भावनेने ऐकली जावी, याचे नवल वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली ऑलिंपिक सामने लंडनला भरले. अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. खेळाडूंसाठी नवी वसाहत बांधण्याइतका पैसा नव्हता, त्यांना बराकींत आणि महाविद्यालयांत ठेवले गेले. वेम्बली हेच मुख्य मैदान होते. स्टेशनपासून मैदानापर्यंत जाणारा जो रुंद रस्ता तेव्हा तयार झाला, त्यासाठी जर्मन युद्धकैद्यांनी घाम गाळला होता.

आणि याच वेम्बलीवर १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनचा ४-० असा पराभव करून स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. बलबीरसिंगने दोन, तर पॅट्रिक जॅन्सन आणि तरलोचनसिंग यांनी एकेक गोल केला. साम्राज्याच्या वैभवाचे प्रदर्शन मांडण्यासाठी बांधलेल्या क्रीडागारात, साम्राज्यातून नुकत्याच मुक्त झालेल्या देशाचा तिरंगा सर्वांत उंच चढला. त्या संघातील काही नावे आपल्या वाचकांनी मुद्दाम आठवावीत. लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज हे मुंबईच्या हॉकीत नावारूपाला आलेले खेळाडू. त्यांच्या जोडीला बंगालकडून खेळणारे लेस्ली क्लॉडियस. ही नावे आपल्या धर्मग्रामांच्या स्नानसंस्कार-नोंदवहीतली वाटतात. राष्ट्रउभारणीत ख्रिस्ती समाजाचा वाटा किती, असे कुणी विचारले तर वेम्बलीच्या त्या दुपारकडे बोट दाखवता येईल.

शत्रुत्व आणि समेट यांची आणखी एक कथा या मैदानाशी जोडलेली आहे. बर्ट ट्राउटमन हा हिटलरच्या सैन्यातील छत्रीधारी सैनिक. पकडला जाऊन तो इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील युद्धकैद्यांच्या छावणीत आला आणि सुटका झाल्यावर मायदेशी न जाता तेथेच राहिला. १९४९ साली मँचेस्टर सिटीने त्याला गोलरक्षक म्हणून घेतले, तेव्हा हजारो लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. ज्यांची घरे जर्मन बाँबनी जळाली होती, त्यांचा संताप समजण्यासारखा होता. त्या वेळी शहरातील एका यहुदी धर्मगुरूने, स्वतः जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेल्या रब्बी अलेक्झांडर आल्टमन यांनी, जाहीर पत्र लिहून आवाहन केले की एका राष्ट्राच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नका. ५ मे १९५६ रोजी वेम्बलीवरील अंतिम सामन्यात, खेळ संपायला सतरा मिनिटे उरली असताना, चेंडूसाठी झेप घेणाऱ्या ट्राउटमनच्या मानेवर जबर आघात झाला. वेदनेने कळवळत तो तसाच खेळत राहिला आणि संघाला विजय मिळाला. त्याच्या मानेचा मणका मोडला होता, हे काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत कळले. ज्याला हाकलून द्या म्हणून लोक ओरडले होते, त्याच्या नावाचा जयघोष लोकांनीच केला.

१९६६ साली ३० जुलैला इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवून विश्वचषक जिंकला तोही येथेच. जेफ हर्स्टचा एक चेंडू आडव्या दांडीला लागून रेषेच्या आत पडला की बाहेर, हा वाद दोन्ही देशांत अजून संपलेला नाही.

परंतु विजयापेक्षाही खोल गेलेली एक रात्र म्हणजे २९ मे १९६८ची. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडच्या संघाचे विमान कोसळले. २३ माणसे गेली, त्यांत आठ तरुण खेळाडू होते. संघाचे व्यवस्थापक मॅट बझ्बी हे निष्ठावंत कॅथलिक. खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेले. इस्पितळात त्यांची अवस्था इतकी गंभीर होती की त्यांना दोनदा अंतिम संस्कार देण्यात आले. ते वाचले, पण ज्या पोरांना आपण विमानात बसवले ती गेली, हे शल्य त्यांना फुटबॉलपासून कायमचे दूर नेणार होते. तरीही ते परतले, नव्याने संघ बांधला आणि दहा वर्षांनी वेम्बलीवर पोर्तुगालच्या बेन्फिका संघाला ४-१ असे नमवून युरोपियन कप जिंकला. म्युनिकच्या बर्फातून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स त्या रात्री मैदानात होते. चार्ल्टनने दोन गोल केले. त्या विजयोत्सवात जे रडले ते आनंदाने की दुःखाने, हे त्यांनाही सांगता आले नसते.

या सर्व वैभवाच्या काळात वास्तू मात्र म्हातारी होत होती. खांबांमुळे अनेकांना खेळ नीट दिसत नसे. स्वच्छतागृहे अपुरी, जिने अरुंद. त्यातच १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यात, पिंजऱ्यासारख्या कुंपणात कोंडलेल्या गर्दीत लिव्हरपूलचे प्रेक्षक चिरडले गेले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. दोष मृतांच्याच माथी मारण्याचा प्रयत्न झाला. तो खोटा होता, हे न्यायाने मान्य करायला सत्तावीस वर्षे लागली. दुर्घटनेनंतर पाच आठवड्यांनी वेम्बलीवर अंतिम सामना झाला तो लिव्हरपूल आणि त्याच शहरातील एव्हर्टन यांच्यात. एका शोकग्रस्त शहराचे दोन्ही भाऊ त्या दिवशी एकत्र गायले. जानेवारी १९९०मध्ये न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला. मोठ्या मैदानांत उभे राहून खेळ पाहण्याच्या जागा बंद करून प्रत्येकाला आसन द्यावे, अशी त्याची शिफारस होती. १९२३च्या पद्धतीने बांधलेल्या मैदानांचा काळ तेथे संपला.

जुने वेम्बली संरक्षित वास्तूंच्या यादीत होते. तरीही डागडुजीने भागणार नाही, असा निर्णय झाला. ७ ऑक्टोबर २००० रोजी पावसात तेथे अखेरचा सामना झाला. समोर पुन्हा जर्मनी. डिटमार हामानने मारलेला एकच गोल, इंग्लंडचा पराभव आणि त्याच दिवशी प्रशिक्षक केविन कीगन यांचा राजीनामा. निरोप असा कडू झाला. पुढे पैशाच्या आणि योजनांच्या वादात दोन वर्षे गेली. २००१ ते २००६ या काळात एफ. ए. कपचे अंतिम सामने वेल्समधील कार्डिफला हलवावे लागले. २००२मध्ये यंत्रे चालू लागली आणि २००३च्या आरंभी जुळे मनोरे पडले. नव्या स्टेडियमसाठी खोल खणताना जमिनीखाली जुन्या काँक्रीटचा पाया लागला. तो होता वॉटकिनच्या अपुऱ्या मनोऱ्याचा!

नव्या वास्तूची रचना नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने क्रीडागारांच्या एका वास्तुविशारद संस्थेसह केली. मनोऱ्यांच्या जागी आता एक प्रचंड पोलादी कमान आहे. तिचा विस्तार ३१५ मीटर, उंची १३३ मीटर. ती केवळ शोभेची नाही. उत्तरेकडील संपूर्ण छप्पर आणि दक्षिणेकडील छपराचा मोठा भार तिने तोलून धरला आहे, म्हणूनच आत एकही खांब आड येत नाही. आसने ९०,०००. स्वच्छतागृहे २,६१८. काम २००६च्या अंतिम सामन्यापर्यंत व्हायचे होते, ते मार्च २००७मध्ये ताब्यात मिळाले. एकंदर खर्च सुमारे ८० कोटी पौंडांवर गेला. त्यातले १२ कोटी पौंड सार्वजनिक लॉटरीच्या निधीतून आले. संत लूकच्या शुभवर्तमानातील तो दाखला पुन्हा आठवावा, असाच हा हिशेब आहे. एका गोष्टीचा हिशेब मात्र पौंडांत होत नाही. जानेवारी २००४मध्ये या बांधकामावर काम करणारा एक सुतार अपघातात मरण पावला. कमानीची उंची सांगताना त्या सुताराचीही आठवण ठेवावी. आपला उद्धारकर्ताही सुताराच्या घरातच वाढला.

मग जुन्याचे काय उरले? एका मनोऱ्याचा माथा जवळच्या नीस्डन भागातील संत राफाएलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीतील उद्यानात स्मारक म्हणून ठेवला आहे. पाडलेल्या काँक्रीटचा मोठा ढीग पश्चिम लंडनमधील नॉर्थाला फील्ड्स येथे नेला गेला. त्याच्या आणि इतर राडारोड्याच्या चार टेकड्या रचून त्यांवर गवत लावले गेले. २००८ साली ते उद्यान लोकांना खुले झाले. ज्या पायऱ्यांवर १९४८ साली आपला जयघोष घुमला आणि १९८२ साली आमेनचा नाद उठला, त्यांचे तुकडे कदाचित त्या टेकड्यांच्या पोटात असतील. वर मुले खेळतात. स्टेशनाजवळच्या नव्या पादचारी पुलाला लोकांच्या मतानुसार पांढऱ्या घोड्याचे नाव दिले आहे. लोकांनी मान दिला तो माणसे न चिरडता वाट मोकळी करणाऱ्या एका जनावराला.

३९ पायऱ्यांच्या जागी आता १०७ पायऱ्या चढाव्या लागतात. ते गीत मात्र टिकले. १९ मे २००७ रोजी नव्या वास्तूत चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात पहिला एफ. ए. कप अंतिम सामना झाला, तेव्हा त्यापूर्वी ‘अबाइड विथ मी’ गायले गेले. पोलाद नवे होते, विनवणी जुनीच.

काही गोष्टी हरवल्याही. चार पैशांत दारावर तिकीट घेऊन आत शिरणारा बोल्टनचा गिरणी कामगार आजच्या तिकीटदरांकडे पाहून बहुधा दारातूनच परत गेला असता. आणि नवी वास्तू म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही पुरते खरे ठरले नाही. ११ जुलै २०२१ रोजी इंग्लंड आणि इटली यांच्यातील युरोपियन अंतिम सामन्याच्या वेळी सुमारे दोन हजार माणसे तिकिटाविना दारे फोडून आत घुसली. माणसे मरण्याचा प्रसंग थोडक्यात टळला, असे चौकशी अहवालाने नोंदवले. १९२३ साली भिंती अपुऱ्या होत्या, पण गर्दी आपल्यातल्या दुबळ्याला जपत होती. शंभर वर्षांनी भिंती मजबूत झाल्या. संयम ही काँक्रीटमध्ये ओतता न येणारी वस्तू आहे, हे मात्र पुन्हा कळले. लगेच पुढील वर्षी, ३१ जुलै २०२२ रोजी, त्याच मैदानात ८७,१९२ प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या महिलांनी जर्मनीला २-१ असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळवले. बापाच्या खांद्यावर बसून आलेल्या मुलींनी त्या दिवशी नव्या वास्तूला तिची पहिली खरी आठवण दिली. वेम्बली आता कुठे जुनी होऊ लागली आहे.

जुन्या करारातील एज्राच्या पुस्तकात एक हृद्य प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांनी यरुशलेमच्या नव्या मंदिराचा पाया घातला. तरुण मंडळी आनंदाने जयघोष करू लागली. पण ज्या वृद्धांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते मोठ्याने रडू लागले. रडण्याचा आवाज कोणता आणि आनंदाचा कोणता, हे दूरच्या माणसाला ओळखता येईना. पवित्र शास्त्र त्या वृद्धांना दोष देत नाही, तरुणांनाही देत नाही. दोन्ही आवाज एकाच पायाभरणीत सामावले आहेत.

आपल्या धर्मग्रामांतही हा प्रसंग वारंवार येतो. लोकसंख्या वाढते, जुने चर्च अपुरे पडते, छप्पर गळते, आणि नव्या चर्चचा आराखडा धर्मग्रामसभेपुढे ठेवला जातो. एक बाजू म्हणते, हे आमच्या पणजोबांनी खांद्यावर दगड वाहून बांधले. दुसरी म्हणते, रविवारी आमची मुले बाहेर उन्हात उभी राहतात. दोन्ही बाजू खऱ्या असतात, आणि म्हणूनच भांडण कटू होते.

वेम्बलीच्या कथेतून या भांडणाचा निकाल मिळत नाही. पण विचारायचे प्रश्न मिळतात. खर्चाचा हिशेब आधी बसून केला आहे काय? काम करणाऱ्या गवंड्या-सुतारांच्या जिवाची काळजी कोण घेणार? नव्या वास्तूत गरिबाला पुढच्या बाकावर जागा राहील, की देणगीदारांच्या नावांच्या फरश्या तेवढ्या पुढे येतील? जुन्या वेदीचा दगड, अंगणातला क्रूस, लग्नाला आणि मयताला वाजलेली घंटा, हे नव्यात कुठे जाईल? राडारोड्याचा ढीग कुठे पडेल, तेथे पुढे गवत उगवेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण कोणते गीत सोबत नेणार आहोत?

जुळे मनोरे पडले तेव्हा इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक हळहळले. पण ट्राउटमनला मिळालेली क्षमा त्या मनोऱ्यांत नव्हती. बझ्बींचे अश्रू काँक्रीटमध्ये नव्हते. १९८२च्या त्या मेळाव्यात जी शांती मागितली गेली ती छपराशी बांधलेली नव्हती. ती माणसांच्या ठायी होती, आणि माणसांनीच ती पुढच्या वास्तूत न्यायची असते. नेली नाही, तर नव्वद हजार आसनांची कमानदार इमारत उभी राहते. पण संध्याकाळ झाली असता, प्रभो, आमच्यापाशी थांब, असे म्हणणारे तीत कुणी उरत नाही.